तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी कोणती कोंबडी घ्यावी?

"मुलांसाठी घ्यायचीय हो, एखादी प्रेमळ जात सांगा ना." हा प्रश्न आला की मला आता आधी दमायलाच होतं. कारण समोरच्याला फक्त एक नाव हवं असतं, आणि मी "सिल्की, पण" एवढं म्हणेपर्यंत तो मोबाइलवर फोटो बघायला लागलेला असतो, त्या "पण"च्या नंतरचा भाग कोणीच ऐकत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते. खुराडं केवढं, खाद्य कुठलं हे तुम्ही बघितलेलं असतंच, त्यात शिरत नाही.

तर नावं घ्या. सिल्की, कोचीन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन. चारही खरंच शांत. ब्रह्मा एवढी मोठी की लहान पोराला उचलवत नाही, कोंबडी चार किलोच्या आसपास भरते, पण ती पोराच्या शेजारी निवांत बसून राहील. ऑर्पिंग्टन इंग्लंडच्या केंटमधली, विल्यम कुक नावाच्या माणसाने 1886 मध्ये आणली ती काळी होती, तुम्हाला फोटोत आवडते ती सोनेरी नंतर आली. लेगहॉर्न अंड्यांसाठी बेस्ट, पण नुसती सावली हलली तरी भिंतीवर जाऊन आदळेल. झालं. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

पण "प्रेमळ" म्हणजे काय हे मला कोणी विचारत नाही, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे.

सिल्की मांडीवर बसते कारण तिचा स्वभाव गरीब आहे, मान्य. पण ती पळत नाही याला बाकीचीही कारणं आहेत. तिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत म्हणून ती कापसासारखी दिसते, आणि म्हणूनच तिला धड उडता येत नाही, पावसात चिंब भिजते. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, बाजूने कोण आलं ते कळत नाही. यातलं प्रेम किती आणि नाइलाज किती, सांगा बरं. पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचे, डोळे मिटून सिल्की घ्या. तेव्हाची मी आत्ता समोर आले तर म्हणेन, अगं पण पोरगी तिला कुशीत घेऊन बसायची ते काय खोटं होतं? नव्हतं खोटं. तरीही.

आमची सिल्की म्हणजे कापशी. आणि र्‍होड आयलंड रेड या तांबड्या जातीची ती तांबू. तांबू ही माझ्या मुलीची जीव की प्राण, दार उघडलं की उडून थेट खांद्यावर, कानातलं ओढणार, मांडीवर झोपणार. कोणीही पाहुणं आलं की म्हणायचं, हिच्याइतकी प्रेमळ कोंबडी बघितली नाही. एका सकाळी मुलीने दार उघडलं आणि तांबू नेहमीसारखी तिच्या खांद्यावर येऊन बसली, चोचीला पांढरं काहीतरी चिकटलेलं. पोरीने ते बोटाने काढलं. पीस होतं. कापशी आत पाण्याच्या भांड्यामागे कोपर्‍यात डोकं खुपसून उभी होती, नुसती उभी, आवाज नाही. मी तिला वळवलं तर झुपका अर्धा गायब, उरलेला रक्ताने चिकट झालेला, आणि मागे सिल्कीची ती काळपट निळी कातडी उघडी, मध्ये रुपयाएवढी फाटलेली. मी हात लावला तरी ती हलली नाही. म्हणजे तांबू टोचत होती तेव्हाही ती अशीच न हलता उभी राहिली असणार, आम्ही जिला गुणाची म्हणायचो ती.

डॉक्टरांनी जखम धुवून जांभळं औषध लावलं. त्याने लाल रंगही झाकला जातो, कारण रक्त दिसलं की बाकीच्याही टोचायला लागतात. कापशीला वेगळ्या पिंजर्‍यात, पण सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, जखम भरल्यावर परत सोडली, तर तांबू तासाभरात तिच्यावर. मग उलट केलं, तांबूलाच काही दिवस बाहेर काढलं. परत आल्यावर तिचा नंबर जरा खाली गेला, जरा. कोंबड्यांत ही उतरंड असतेच, नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्येच ती मांडून ठेवलीय, कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं. शेवटी मध्ये जाळी मारली. एकीकडे कापशी आणि कोचीन, दुसरीकडे बाकीच्या.

"मग ती तांबडी देऊन टाका ना." हे मला जितक्यांनी ऐकवलं तितक्यांशी मी भांडलेय. का द्यायची? ती माणसांशी कधीच वाईट वागलेली नाही. झुंजीची असील जात बघा, आपसांत जीव जाईस्तोवर झुंजतील आणि पाळणार्‍याच्या हातात गप्प बसतील. माणसांशी प्रेमळ आणि कोंबड्यांशी प्रेमळ हे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि जातीच्या नावावरून तुम्हाला फार तर पहिल्याचा अंदाज येतो. हे सगळं मी मुलीलाही सांगितलं. ती काही दिवस तांबूला खांद्यावर घेईना, झटकून टाकायची. मग परत घ्यायला लागली, आणि मला बरं वाटलं की वाईट, अजून नक्की सांगता येत नाही.

पिल्लं घ्याल तर अजून एक. सिल्कीत नर की मादी हे कित्येक महिने कळत नाही, नाव ठेवून लाडावलेली राणी एक दिवस आरवते. आणि हातावर वाढवलेला कोंबडा माणसाला भीत नाही, मग वयात आला की पोरांच्या पायांवर झेप घेऊ शकतो, तेव्हा त्याचं काय करायचं हे आत्ताच घरात बोलून ठेवा. पोरांना कोंबडीच्या चोचीचे मुके घेऊ देऊ नका, हात धुवायला लावा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणार्‍या कोंबडीतूनही येतो. सिल्की आणताना मारेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगाची लस पहिल्या दिवशी दिलीय का ते विचारा, त्या रोगाला ही जात जास्त बळी पडते.

आणि तरीही एकच नाव सांगाच म्हणाल, तर सोनेरी ऑर्पिंग्टन, कमीत कमी तीन, एकाच वयाच्या, आणि सिल्की घ्यायचीच असेल तर फक्त सिल्क्याच. आमच्याकडे ऑर्पिंग्टन आहे का? आहे ना. पिल्लू होती तेव्हापासून हातावर वाढवलीय, आणि मुलगी दिसली की ती खुराड्याच्या दुसर्‍या टोकाला जाते.