तुम्ही विचारलंत म्हणून: होडीचं जुनं मशीन दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

मे महिना सरत आला, होड्या वर ओढून शाकारायची वेळ झाली, की हा प्रश्न हमखास येतो. ‘नऊ-पॉइंट-नऊ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन आहे, बारा-चौदा वर्षं झाली. यंदा भर समुद्रात दोनदा बंद पडलं. दुरुस्त करू की नवीन घेऊ?’ विचारणारे कधी मालवण-देवबागकडचे जाळंवाले असतात, कधी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारे.

मशीन किती वर्षांचं आहे त्यावरून काहीच ठरत नाही. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलेलं पंधरा वर्षांचं मशीन उत्तम चालतं आणि कधीच न धुतलेलं चार वर्षांत भंगारात जातं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कॉइल, इंपेलर (थंड करणारं पाणी ओढणारं रबरी चक्र), सगळं बदलता येतं. बदलणं सहसा परवडत नाही तो ॲल्युमिनियमचा ओतीव भाग, म्हणजे ब्लॉक, त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधला पाय आणि गिअरबॉक्सची बॉडी. म्हणून काय बिघडलंय हे नंतर बघा. आधी मीठ कुठपर्यंत पोचलंय ते बघा.

आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगलेल्या अशा मशीनला, रेडिएटर नसतो. समुद्राचं पाणी खालून ओढलं जातं, ब्लॉकमधल्या वाटांतून फिरतं आणि बाहेर पडतं. मशीन बंद केलं की आत उरलेलं पाणी गरम ब्लॉकमध्ये सुकतं आणि मिठाचा थर धरतो. शिवाय स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला आणि दोघांमध्ये खारं पाणी, म्हणजे ती एक छोटी बॅटरीच झाली. तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि बोल्टाला आवळून धरते.

त्यामुळे पहिली परीक्षा पान्याची. गिअरबॉक्स मधल्या पायाला जोडणारे बोल्ट मॉडेलप्रमाणे चार ते सहा असतात. ते ढिले होतात का बघा. होत नसतील तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, पेट्रोलची टाकी आणि नळी लांब नेऊन बोल्टाभोवतीचा भाग हॉट एअर गनने तापवा, मग बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढा. सगळे निघाले तर निम्मी लढाई जिंकली. एखादा तुटला तरी ड्रिल मारून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवता येतं. पण एकामागून एक तुटायला लागले आणि बोल्टाच्या भोकाशी रंगाला आलेला फोड नखाने खरवडल्यावर खालचं ॲल्युमिनियम पिठासारखं गळायला लागलं, तर थांबा. अशा मशीनमध्ये पुढचं प्रत्येक काम दुप्पट खर्चाचं होतं, कारण साधा इंपेलर बदलायलाही दर वर्षी हेच बोल्ट काढावे लागतात.

दुसरी परीक्षा गिअर ऑइलची. मशीन उभं ठेवून एक दिवस हलवू नका. मग गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढा आणि पहिलं तेल बोटावर घ्या. आत शिरलेलं पाणी तळाशी बसतं, ते सर्वांत आधी बाहेर येतं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर शाफ्टवरचं पाणी अडवणारं सील गेलं. बहुतेक वेळा कारण पंख्यामागे सापडतं. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) शाफ्टला गुंडाळलेला असतो आणि त्यानेच सील कापलेलं असतं. सील स्वस्त असतं, पण ते बसतं त्या जागी शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्टच बदलावा लागेल. काही मशिनांत या स्क्रूला लोहचुंबक असतं. त्यावर करडा लेप असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर गिअर गेले, आणि गिअरचा संच हा या मशीनच्या महाग भागांपैकी एक आहे. तेल भरताना नेहमी खालच्या स्क्रूतून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं की आत हवा अडकते. आणि स्क्रूचे वॉशर दर वेळी नवे घाला, जुन्या वॉशरमधूनही पाणी शिरतं.

तिसरी परीक्षा कंप्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची. घाईत केलेल्या मापावरून चांगली मशिनं मोडीत गेली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मशीन पाच मिनिटं पाण्यावर चालवून गरम करा. दोन्ही प्लग काढा. मोकळ्या वायरी तशाच लोंबत ठेवल्या तर सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो, म्हणून त्या ब्लॉकला अर्थ करा आणि सेफ्टीची दोरी काढून ठेवा. आता थ्रॉटल पूर्ण उघडा. इथेच चूक होते. बऱ्याच लहान मशिनांत न्यूट्रलमध्ये थ्रॉटल अर्ध्यावर अडतो आणि गिअर टाकला तर स्टार्टरची दोरी अडकते, म्हणून कार्ब्युरेटरची पट्टी हातानेच पूर्ण उघडी धरावी लागते. थ्रॉटल बंद असेल तर आत पुरेशी हवा जात नाही आणि चांगल्या सिलिंडरचाही आकडा कमी दिसतो. प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज पिळून बसवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा वेळा, जोरात दोरी ओढा. दुसऱ्या सिलिंडरलाही तितक्याच वेळा ओढा.

आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. लहान टू-स्ट्रोकमध्ये साधारण ९० ते १३० पीएसआय दिसतं. गेज बदललं की आकडाही बदलतो, म्हणून दोन सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. १५ टक्क्यांच्या वर गेला तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावंच लागेल. उघडण्याआधी कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर मशीनचंच टू-स्ट्रोक तेल टाकून पुन्हा मापा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. चढला नाही तर हेडची पॅकिंग फुटल्याचा संशय घ्या, ते काम छोटं आहे.

एकच सिलिंडर गेला असेल तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका. दोन कार्ब्युरेटरच्या मशीनमध्ये एकाचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) तुंबला की त्याच सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतं, आणि पेट्रोलमधूनच तेल येत असल्यामुळे तेलही कमी मिळतं. पिस्टन जळतो. फक्त पिस्टन बदलून जेट तसाच ठेवला तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. भाग विकणारे हे सांगत नाहीत आणि दुरुस्तीचे पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

बोअरला ओरखडे असतील आणि आत बिडाची स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं नळकांडं) असेल तर बोअरिंग करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालता येतो. पण आधी पिस्टन मिळतो का ते बघा, मग लेथवाल्याकडे जा. पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने बोअर मारायचा, उलट करायचं नाही. हेड उघडलेलंच असेल तर पाण्याच्या वाटा बघा. मिठाने गच्च भरल्या असतील तर साफ होतात. पण वाटेची भिंत खाऊन सिलिंडरकडे किंवा एक्झॉस्टकडे भोक पडलं असेल, तर तो ब्लॉक संपला. तिथे वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण खाऱ्या पाण्यात उष्णतेने ते पुन्हा फुटतं. त्यात पैसे घालू नका.

आता दिलासा. ‘मशीन गेलं’ म्हणून आणलेली बरीच मशिनं गेलेली नसतात. मशीनमागून पडणारी पाण्याची धार मंद पडली की आधी मागचं भोक तंगुसाने मोकळं करा. तरी धार आली नाही तर इंपेलर. रबराच्या पाकळ्या वाकलेल्याच राहिल्या असतील तर तो बदला, आणि फक्त इंपेलर बदलून थांबू नका. खालची स्टीलची पट्टी, इंपेलर बसतो तो कप, किल्ली आणि पॅकिंग असा पूर्ण संचच घाला. कप खाली सरकवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. एक मात्र लक्षात ठेवा. धार जोरात आहे म्हणजे पंप चालू आहे, एवढंच कळतं. हेडच्या आतली वाट तुंबलेली असली तरी काही मॉडेलांत धार छान पडते. हेडजवळचा रंग काळपट झाला असेल, फोड आले असतील तर थर्मोस्टॅट काढून तपासा.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनी आउटबोर्ड जास्तीत जास्त १० टक्के गृहीत धरून बनवलेली आहेत. इथेनॉल जुन्या नळ्या, पेट्रोल ओढायला दाबतात त्या फुग्याचं रबर आणि कार्ब्युरेटरच्या पॅकिंगा मऊ करतं. दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. तळाशीच तर नळीचं तोंड असतं. पावसाळ्यात टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवा, आणि लाइनवर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचंच हवं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलि. स्कूटरचं टू-टी तेल घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख थंड चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये प्लगवर आणि रिंगांत साचते.

या परीक्षा झाल्या की हिशेब. नवं मशीन १०० रुपयांचं धरा. मशीन पुन्हा विश्वासाचं व्हायला लागणारी सगळी कामं एका कागदावर लिहा, आज अडलेलं एकच काम नव्हे. ओतीव भाग धड आहे आणि बेरीज ३० रुपयांच्या आत आहे, तर बेधडक दुरुस्त करा. ५० च्या वर गेली तर नवं. मधल्या पट्ट्यात भाग मिळतात का यावर ठरवा. गेल्या वर्षी घातलेले पैसे या कागदावर येऊ देऊ नका, ते गेले. मॉडेल बंद झालं असेल तर कॉइल आणि सीडीआयची चौकशी आधी करा. एव्हिनरूड या कंपनीच्या आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. अशा मशीनचा साधा पिस्टन मिळेलही, पण त्याच मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक भाग शोधण्यात हंगाम निघून जातो.

पैशांच्या वरची एक गोष्ट आहे. होडी कुठे चालते? खाडीत बंद पडलं तर वल्ही मारून किनारा गाठता येतो. पण देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथून रोज ये-जा असेल, तर अर्ध्या मिनिटासाठी बंद पडणारं मशीनही माणसं बुडवू शकतं. तिथे हिशेब ४० वर आला तरी मी नवं घ्या म्हणेन.

नवं फोर-स्ट्रोक घेणार असाल तर आधी होडीची मागची फळी बघा. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक काही किलोंनी जड असतं. फायबरच्या आतलं प्लाय कुजलं असेल तर हातोडीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बोदा आवाज येतो. फळीची उंचीही मोजा. शॉर्ट शाफ्टला साधारण १५ इंच, लाँगला २० इंच लागते. फोर-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं, तेल मिसळायची कटकट नाही, पण इंजिन ऑइल पहिल्यांदा १०-२० तासांनी आणि मग दर १०० तासांनी बदलावं लागतं. ते आडवं ठेवायचं असेल तर बॉडीवर दाखवलेल्या कुशीवरच ठेवायचं. भलत्या कुशीवर ठेवलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं. होडीच्या कागदांवर इंजिनाचा नंबर असेल तर तोही बदलून घ्या.

जुनं मशीन भंगारवाल्याला लगेच देऊ नका. कार्ब्युरेटर, सीडीआय, कॉइल, स्टार्टर आणि धड असेल तर गिअरबॉक्स काढून, गोड्या पाण्याने धुऊन, तेल लावून ठेवा. गावात त्याच मॉडेलची चार मशिनं चालत असतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर कुणाला तरी नेमका तोच भाग हवा असतो.