सेफचं अपग्रेड : ऑक्टोपसवरून स्क्विडला जाताना

गोरेगावच्या आमच्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत सगळं फुटेज सेफवर (Ceph) राहतं. अनेक सर्व्हरमधल्या डिस्क एकत्र करून संपादकांना एकच मोठं फोल्डर दाखवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर. सेज वाईल यांनी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ विद्यापीठात पीएचडी करताना ते लिहायला घेतलं. आवृत्त्यांना माखली-माकुलांच्या कुळातली नावं असतात, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. आम्ही २०२० च्या ऑक्टोपसवर होतो. २०२२ मध्ये तिच्या दुरुस्त्या येणं थांबलं, तरी आमचं काम चालूच होतं. चालतंय ना, मग हात लावू नका, हे धोरण आमच्याकडे कोणी कागदावर लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

सेफमध्ये अपग्रेड करताना मधली एकच आवृत्ती ओलांडता येते. म्हणून आधी क्विन्सी, तिथे मुक्काम, मग स्क्विड. एकदा वर गेलं की खाली उतरायची सोय नाही. वरिष्ठांचा पहिला प्रश्न अर्थातच ‘नवीन काय मिळणार?’ हा होता. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. नवीन सोयी आपण चालू करेपर्यंत बहुतेक वेळा गप्प बसतात. आपण कधी न लिहिलेल्या सेटिंगचं मूळ मूल्य बदललं, तर ते विचारायला येत नाही. म्हणून मी आधी कॉन्फिगरेशनमध्ये आम्ही स्वतः काय लिहिलंय त्याची यादी काढली आणि प्रत्येक ओळ पुढच्या दोन्ही आवृत्त्यांच्या बदलांशी ताडून बघितली. कंटाळवाणं काम, पण पुढची डोकेदुखी तिथेच वाचली.

क्विन्सीचा टप्पा सुरळीत पार पडला. सेफएडीएम हे सेफ बसवायचं-चालवायचं साधन मॅनेजर, मॉनिटर (हे दोन्ही क्लस्टरवर, म्हणजे सगळ्या सर्व्हरांच्या समूहावर, लक्ष ठेवतात), मग ओएसडी (प्रत्येक डिस्क सांभाळणारी प्रक्रिया) अशा क्रमाने एकेक प्रक्रिया नव्या कंटेनरमध्ये चढवत गेलं. खरं काम तिथून पुढे. काही जुन्या सर्व्हरवर डिस्क अजून फाइलस्टोअर या डेटा साठवायच्या जुन्या पद्धतीच्या होत्या. २०२३ च्या रीफपासून फाइलस्टोअर काढूनच टाकलंय, तेव्हा पुढे जाण्याआधी त्या रिकाम्या करून ब्लूस्टोअर या नव्या पद्धतीने बांधणं भागच होतं.

मग ब्लूस्टोअरच्याच जुन्या डिस्कही त्याच फेरीत का घेऊ नयेत, असा विचार आला. कारण होतं ६४ केबी. पूर्वी हार्ड डिस्कवर ब्लूस्टोअर कमीत कमी ६४ केबीचा तुकडा द्यायचं. ऑक्टोपसनंतरच्या पॅसिफिकपासून ते ४ केबी झालं. मात्र हे माप ओएसडी बांधताना कायमचं ठरतं. सॉफ्टवेअर कितीही नवं करा, जुनी डिस्क ६४ वरच. मोठ्या व्हिडिओ फाइलींना याने फरक पडत नाही. पण एका प्रोजेक्टमागे थंबनेल, ऑटोसेव्ह, एक्सएमएल यांचा ढीग साचतो. एक केबीची फाइल तीन प्रतींत ठेवली की १९२ केबी गेले. आमचा जुन्या प्रोजेक्टांचा पूल (डेटाचा कप्पा) ४+२ इरेजर कोडिंगवर आहे, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे चार तुकडे आणि हरवलेलं परत मिळवायला दोन जादा. तिथे सहा तुकडे, प्रत्येकी ६४, म्हणजे ३८४ केबी. नव्या मापाने हेच आकडे १२ आणि २४. हा हिशोब फळ्यावर मांडल्यावर जादा वेळेची मंजुरी लगेच मिळाली.

डिस्क रिकामी करायची म्हणजे तिच्यावरचा डेटा इतर डिस्कवर जाणार. क्लस्टर सत्तर टक्क्यांच्या आसपास भरलेला. ८५ टक्क्यांना इशारा येतो, ९० ला डिस्क बॅकफिल, म्हणजे इतर डिस्कवरून हलवलेला डेटा, घेणं थांबवते. म्हणून एकावेळी थोड्याच डिस्क बाहेर काढत होतो. तरी वेग फारच कमी. सोबतची ज्युनिअर म्हणाली, “दादा, बॅकफिलची मर्यादा वाढवलीये, पण आकडा हलतच नाहीये.”

“अगं, क्विन्सीपासून कारभार एमक्लॉककडे गेलाय. तू लिहिलेलं तो मोजतच नाही.”

डिस्कवरच्या कामांचा क्रम शेड्युलर लावतो. जुन्या शेड्युलरमध्ये ओएसडी मॅक्स बॅकफिल्स ही मर्यादा वाढवली की काम व्हायचं. एमक्लॉक हा नवा शेड्युलर प्रोफाइलवर, म्हणजे तयार प्राधान्यक्रमावर, चालतो. हाय क्लायंट ऑप्स म्हणजे संपादकांना प्राधान्य, हाय रिकव्हरी ऑप्स म्हणजे डेटा हलवायला प्राधान्य, आणि मधलं बॅलन्स्ड. जुनी मर्यादा चालवायचीच असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी चालू करावी लागते. आम्ही त्या वाटेला न जाता दिवसा पहिलं प्रोफाइल आणि रात्री दुसरं असं क्रॉनला (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या साधनाला) लावलं. एक गोष्ट मात्र तपासायला हवी: ओएसडी सुरू होताना स्वतःची आयओपीएस क्षमता (सेकंदाला किती वाचन-लेखन जमतं ते) मोजून लिहून ठेवतो आणि एमक्लॉक त्या आकड्यावर वाटप करतो. आमच्या काही डिस्क कॅशवाल्या रेड कंट्रोलरमागे (स्वतःची वेगवान मेमरी असलेल्या, डिस्क जोडायच्या कार्डामागे) आहेत, तिथले आकडे साध्या हार्ड डिस्कला न शोभणारे आले होते. ते हाताने दुरुस्त केल्यावर संपादकांच्या तक्रारी कमी झाल्या.

स्क्विडसाठी रविवार घेतला. रेल्वेसारखाच आमचाही मेगाब्लॉक, फक्त आमच्या गाड्या धीम्या मार्गावर चालू राहणार होत्या. अपग्रेडआधी एमडीएसचा (फाइलनावं आणि फोल्डर सांभाळणाऱ्या प्रक्रियेचा) स्टँडबाय रिप्ले, म्हणजे मागोमाग तयारीत राहणारा राखीव एमडीएस, बंद केला आणि दोनऐवजी एकच सक्रिय एमडीएस ठेवला. डेडलाइनमुळे रविवारीही आलेल्या एका ज्येष्ठ संपादक ताईंनी अर्ध्या तासात फोन केला. “काय रे, फोल्डर उघडायला एवढा वेळ?” एकटा एमडीएस सगळ्यांच्या फाइलनावांचा भार ओढतोय, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “ठीक आहे, मी जेवून येते.” इतकी समंजस माणसं आयटीच्या वाट्याला फार येत नाहीत.

रीफपासून एमक्लॉकचं मूळ प्रोफाइल हाय क्लायंट ऑप्सऐवजी बॅलन्स्ड झालंय. ज्यांनी काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यांच्याकडे सोमवारी रिकव्हरी चालू असती तर संपादन जड वाटलं असतं आणि कारण शोधत बसावं लागलं असतं. आमचं प्रोफाइल क्रॉन लिहीत होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. स्क्विडमध्ये रॉक्सडीबीचं (ब्लूस्टोअर आपल्या नोंदी ठेवतं त्या डेटाबेसचं) एलझेडफोर कॉम्प्रेशनही आपोआप चालू होतं. त्याला मी हात लावला नाही, फक्त सीपीयूचा आलेख उघडा ठेवला.

सगळे ओएसडी चढल्यावर रिक्वायर ओएसडी रिलीज हा आदेश सेफएडीएमने स्वतःच दिला. तो दिला की जुन्या आवृत्तीचा ओएसडी क्लस्टरमध्ये परत येऊ शकत नाही. सोमवारचा कामाचा दिवस नीट गेला, संध्याकाळी एमडीएस पुन्हा दोन केले आणि ताईंना मेसेज टाकला की आता फोल्डर उघडून बघा.