लॉट नंबर सात

शनिवारी सकाळी पावणेबाराला फोन आला. "मॅडम, लॉट सातचे पहिल्या नंबरने पैसे भरले नाहीत ना? मग माल आम्हाला द्या. आमची बोली ४६ हजारांची आहे. रोख देतो, उद्या सकाळी टेम्पो लावतो."

"बरं" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. महिनाअखेरीला गाळा रिकामा करून द्यायचा होता, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि दोन लाखांची बोली लावणारा माणूस सकाळपासून मला टोलवत होता. अशा वेळी कुणी रोख घेऊन दारात उभं राहिलं की सुटल्यासारखं वाटतं.

ठाण्यात नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे. बंद होणारे वर्कशॉप, छोटे कारखाने, छापखाने यांतलं सामान मालकांच्या वतीने ऑनलाइन लिलावात विकून देणं हे माझं काम. एकत्र विकायला लावलेल्या मालाला आम्ही लॉट म्हणतो. सुरुवात जुन्या नाण्यांपासून केली होती, ईबेच्या भारतातल्या साइटवर. ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली आणि मी हळूहळू यंत्रांकडे वळले. बोली लावून पैसे न भरणारे या काळात पुष्कळ पाहिले. कुणी रात्री उत्साहाच्या भरात आकडा टाकतो आणि सकाळी त्याला घरचा हिशेब आठवतो. कुणी तीन ठिकाणी एकाच प्रकारच्या मशीनवर बोली लावून ठेवतो, स्वस्त पडेल ते उचलतो आणि बाकीच्या दोघांना ताटकळत ठेवतो. त्यांचा राग येतो, पण त्यांचं वागणं कळतं तरी. लॉट सातमध्ये काय चाललंय हे मात्र मला त्या फोनपर्यंत कळलं नव्हतं.

हा लॉट वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याचा होता. रोड नंबर १६ च्या आतल्या बाजूला जुना गाळा, मालक ७४ वर्षांचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे, म्हणून नोकरीला लागले, पुढे स्वतःचा छापखाना काढला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सत्यनारायणाच्या पूजेची निमंत्रणं. ऑफसेट आलं, मग डिजिटल आलं, कामं गेली. उरलं छपाईचं एक जुनं ट्रेडल मशीन आणि देवनागरी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, अठ्ठावीस केसेस.

केस म्हणजे खणाखणांचा लाकडी ट्रे. इंग्रजीचं दोन केसेसमध्ये भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. एका मापाच्या टाइपालाच शेकडो खण लागतात. कुठल्या खणात काय, हे जुळाऱ्याच्या हाताला पाठ असतं, त्याला बघावं लागत नाही. पाहणीच्या दिवशी, म्हणजे लिलावाच्या आधीच्या रविवारी, आठ-नऊ जण येऊन गेले. त्यातल्या एकाने केसमधून मूठभर खिळे उचलले, तळहातावर वजन जोखलं आणि दिसेल त्या खणात ओतून टाकले. काका काही बोलले नाहीत. सगळे गेल्यावर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक खिळा उचलला, अंगठ्याने त्याचा चेहरा चाचपला आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकला. अर्धा तास लागला. मी बाजूला उभी राहून बघत होते.

मंगळवारी सकाळी १० वाजता लिलाव उघडला. सुरुवातीची किंमत ₹४०,००० ठेवली होती. भंगाराच्या भावानेही, म्हणजे नुसतं शिसं आणि बिडाचं लोखंड धरलं तरी, माल ७० हजारांच्या वर जात होता. तरी कमी आकड्यापासून सुरुवात केली, कारण त्याने माणसं जमतात आणि माणसं जमली की भाव आपोआप चढतो, हा माझा कित्येक लिलावांचा अनुभव. १० वाजून ७ मिनिटांनी ४६ हजारांची बोली आली. १० वाजून १५ मिनिटांनी दुसऱ्या कुणीतरी एकदम ₹२,१०,००० टाकले.

मी आनंदाने काकांना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "म्हणजे मशीनमनचे राहिलेले पैसे एका दमात देता येतील." शेवटपर्यंत त्यांच्याकडे टिकलेला एकच कामगार होता आणि त्याची देणी काकांना रात्री झोपू देत नव्हती. गुरुवारी रात्री ९ ला लिलाव बंद होईपर्यंत पुढची एकही बोली आली नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. दोन लाखांच्या वर कोण जाणार?

पैसे भरायला ४८ तास. शनिवारी सकाळी साडेनऊला मी त्या गृहस्थांना फोन केला. म्हणाले, यूपीआयने एका दिवसात एक लाखाच्या वर जात नाही. ते खरं आहे, नेहमीच्या व्यवहाराला तेवढीच मर्यादा असते. मी म्हटलं, मग आरटीजीएस करा, दोन लाखांच्या वरची रक्कम आहे. तर म्हणे, आज दुसरा शनिवार, बँक बंद. मी सांगितलं की एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं; मोबाइलवरून होईल. "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर रिंग वाजत राहिली, उचलला कुणी नाही.

आणि मग पावणेबाराचा तो फोन.

"बरं" म्हणायच्या आत मनात पाल चुकचुकली. पहिल्याने पैसे भरले नाहीत हे याला कसं कळलं? आमच्या साइटवर ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मुदत तर रात्री ९ पर्यंत होती. मी सरळ विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

थोडा वेळ शांतता. मग, "मार्केटमध्ये कळतं, मॅडम."

मी "संध्याकाळी सांगते" म्हणून फोन ठेवला आणि लॅपटॉपवर लॉट सातच्या बोल्या पुन्हा उघडल्या. दोनच ओळी. ४६ हजार, आणि आठ मिनिटांनी दोन लाख दहा. मधे कुणी नाही, नंतर कुणी नाही. इतके दिवस मी फक्त वरची ओळ वाचत होते. आता खालची वाचली आणि सगळं लख्ख दिसलं. ती मोठी बोली माल घेण्यासाठी नव्हतीच. ती छोट्या बोलीची ढाल होती. सुरुवातीलाच न परवडणारा आकडा टाकायचा, म्हणजे ज्याला लाख-सव्वा लाख द्यायचे आहेत तो आत पाऊलच टाकत नाही. मैदान रिकामं ठेवायचं, लिलाव संपला की मोठी बोली लावणाऱ्याने अंग काढून घ्यायचं आणि विक्रेता घाईने दुसऱ्या नंबरला हाक मारतो. दुसरा नंबर कायम तळाशीच बसलेला असतो.

ईबेवर तुम्ही तुमचा कमाल आकडा गुप्त ठेवता आणि वर दिसणारी किंमत दुसऱ्या बोलीच्या एक पायरी पुढेच जाते. त्यामुळे तिथे हा डाव टाकायला एकाऐवजी दोन मोठ्या बोल्या लागतात. आमच्याकडे बोली थेट दिसते आणि एका वेळी किती उडी मारायची याला मी मर्यादा घातलेली नव्हती. अनामत होती फक्त ₹२,०००. म्हणजे दोन हजार रुपये सोडायची तयारी असलेल्या माणसाला काकांचं आयुष्यभराचं सामान भंगाराच्याही खाली मिळणार होतं. हे दार मी स्वतः उघडं ठेवलं होतं. त्या दुपारी मला सर्वांत जास्त ते लागलं.

तीन हात नाक्याला पाण्यामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. वागळेला पोचायला पाऊण तास लागला. त्या कंपाउंडच्या फाटकावर वॉचमनची वही असते: नाव, वेळ, गाडी नंबर. रविवारचं पान काढलं. पावसाने कडा ओल्या झाल्या होत्या, पण अक्षर वाचता येत होतं. ११:२० ला पहिला नंबर. त्याच्या खालच्याच ओळीत, ११:२० लाच, दुसरा नंबर. गाडीच्या रकान्यात पहिल्यापुढे एका टेम्पोचा नंबर लिहिला होता आणि दुसऱ्यापुढे फक्त वरच्यासारखंच, अशी दोन टिंबं.

मी ते पान घेऊन आत गेले. काका स्टुलावर बसून जुन्या पत्रिकांचे नमुने बांधत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. पहिला पैसे भरणार नाही, हेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देऊन टाक ग दुसऱ्याला. सुटेन मी एकदाचा."

"काका, हे दोघे एकत्र आले होते. एका टेम्पोतून."

त्यांनी वर बघितलं. "खिळे ओतले त्याने?"

"त्याच्याबरोबरचा बहुतेक."

"एकाने माझ्याकडे बादली मागितली होती. खिळे बादलीत भरून वजन करू म्हणाला. मशीन चालतं का, हे दोघांनीही नाही विचारलं." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "नको देऊस त्यांना."

वकील असलेल्या मैत्रिणीला तिथूनच फोन लावला. १९३० च्या माल विक्री कायद्यात लिलावासाठी कलम ६४ आहे: हातोडा पडला की विक्री पूर्ण झाली, त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. आमच्याकडे हातोड्याऐवजी घड्याळ, एवढाच फरक. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने नोटीस देऊन, वाजवी मुदत देऊन माल पुन्हा विकला तर तोटा पहिल्याकडून मागता येतो, ते कलम ५४ मध्ये. पण मागणार कुणाकडे? नोंदणीत दिलेला पत्ता दिवा इथला होता आणि इमारतीचं नावही अर्धवट. दोघांची मिलीभगत मी कोर्टात सिद्ध करू शकले नसते, हेही मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं. तशी गरजही नव्हती. दुसऱ्या नंबरला माल दिलाच पाहिजे असं आमच्या अटींत कुठेही नव्हतं. ती निव्वळ सवय होती, माझी आणि या धंद्यातल्या बहुतेकांची.

बँका थकीत कर्जाची घरं ई-लिलावात विकतात तेव्हा नियम किती कडक असतात, हे ठाण्यात घर शोधणाऱ्यांना माहीत आहे. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत अनामत धरून २५ टक्के, बाकी साधारण १५ दिवसांत. नाही भरले तर ते २५ टक्के गेले, आणि ती जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवली. मी छोटी माणसं घाबरून दूर जाऊ नयेत म्हणून दोन हजार ठेवले होते. छोट्या माणसांना वाचवायला ठेवलेल्या सवलतीचा फायदा नेमका त्यांचा घास पळवणाऱ्यांनी घेतला.

गाळ्यात बसूनच पहिल्याला ईमेल आणि मेसेजवर नोटीस पाठवली: सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत रक्कम भरा, नाहीतर माल पुन्हा विकला जाईल. दुसऱ्याला कळवलं की त्यांना लॉट दिला जाणार नाही. त्यांचा आवाज लगेच चढला. आम्ही प्रामाणिक बोली लावली, हा अन्याय आहे, तक्रार करू. मी म्हटलं, "जरूर करा. वॉचमनच्या वहीतलं पान मीही जोडते." फोन कट झाला.

मग रविवारच्या पानावरच्या बाकीच्या माणसांना एकेक करून फोन केले. ज्यांनी बादली मागितली नव्हती अशांना. बेलापूरचा एक तरुण, लेटरप्रेसवर, म्हणजे अशाच खिळ्यांच्या छपाईने, हाताने पत्रिका छापतो, म्हणाला, "मॅडम, मी एक लाख दहापर्यंत जायचं ठरवलं होतं. मंगळवारी दोन लाख दहा बघितले आणि मोबाइल खाली ठेवला. तीन दिवस वाईट वाटत होतं." हे ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. न भरलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठं असतं आणि ते कुठल्याच हिशेबात दिसत नाही. खरा घेणारा गप्प बसून निघून जातो. त्याने बोलीच लावलेली नसते, त्यामुळे तो गेला हेही विक्रेत्याला कळत नाही.

सोमवारी ५ पर्यंत अर्थातच काही आलं नाही. बुधवारी लॉट पुन्हा लावला. सुरुवात ₹७०,००० पासून, अनामत ₹१०,०००, ओळखपत्र आणि पत्ता तपासल्याशिवाय प्रवेश नाही, आणि एका वेळी पाच हजारांच्या वर उडी नाही. शेवटच्या अटीने सगळा फरक पडला. आकडा पायरीपायरीने चढला, चार जण खेळले आणि शुक्रवारी रात्री ९ ला ₹१,१८,००० वर थांबला. बेलापूरच्या त्या तरुणाचे पैसे ९ वाजून २० मिनिटांनी जमा झाले. मी काकांना फोन केला तेव्हा त्यांनी आकडा विचारलाच नाही. म्हणाले, "आले का?" म्हटलं, आले. मशीनमनला त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर बोलावून घेतलं.

माल उचलायच्या दिवशी तरुणाने केसेस हलवण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढला आणि कुठल्या खणात काय ते काकांकडून लिहून घेतलं. दुपारपर्यंत ते तेवढंच चाललं होतं; टेम्पोवाला वैतागून चहा प्यायला गेला.

त्यानंतर तीन दिवसांनी पहिल्या नंबरचा ईमेल आला. काही घरगुती अडचणीमुळे व्यवहार होऊ शकला नाही, तरी अनामत रक्कम ₹२,००० परत करावी. मी अटीतला तो मुद्दा चिकटवून उत्तर पाठवलं, रक्कम काकांच्या खात्यात वळती केली आणि पावती केली: लॉट ७, पहिला लिलाव, बोली न पाळल्याबद्दल जप्त.