लेकीचे जुलाब आणि लिटरभर पाणी

सोलापुरात एप्रिल लागला की लहान मुलांच्या दवाखान्यात बसायला जागा मिळत नाही. अर्ध्या पोरांना ताप, अर्ध्यांना हगवण. गेल्या उन्हाळ्यात आमची लेकही त्या रांगेत होती. नववा महिना चालू होता, नुकती रांगायला लागलेली, फरशीवर सापडेल ते तोंडात. आदल्या संध्याकाळपासून पाण्यासारखं होत होतं, मधूनच उलटी, अंग कोमट.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरात दोन निदानं होऊन गेली होती. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, मत होतं की दात येतायत. शेजारच्या अम्मा म्हणाल्या नजर लागली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकूनही गेल्या. त्यानं बिघडत काही नाही. दातांबद्दल डॉक्टर म्हणाल्या, या वयात पोरं सगळं तोंडात घालतात आणि त्यातून पोट बिघडतं, एवढाच त्यात खरा भाग. दात आहेत म्हणून वाट बघत बसायचं नाही.

डॉक्टरांनी आधी तिला उघडी करून वजन केलं. मग बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. "बघा, लगेच सपाट झाली. हीच घडी राहिली, हळूहळू खाली बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय समजायचं." मग मलाही करायला लावलं. टाळूवरून माझं बोट फिरवून घेतलं, ती खोल गेलेली नव्हती. जीभ ओली, रडताना डोळ्यांत पाणी. "हे घरी निभावेल," त्या म्हणाल्या.

आत्यांना हे पटलं नाही. "अहो मॅडम, जुलाब थांबायचं औषध तरी द्या की. पोरगी सुकून चाललीय."

यावर मिळालेलं उत्तर पुढचे सगळे दिवस माझ्या कामी आलं. एवढ्या लहान बाळाचे जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे असतात आणि काही दिवसांत आपले आपण थांबतात. जुलाब बंद करायच्या मोठ्यांच्या गोळ्या बाळाला धोक्याच्या, आतडंच सुस्त पडतं. शीमध्ये रक्त दिसलं तर अँटिबायोटिकचा विचार, एरवी त्याचा उपयोग नाही. "जेवढं बाहेर जातंय तेवढं आत घालायचं, हे तुमचं काम. शी किती वेळा झाली म्हणून घाबरू नका. सू होतेय का ते बघा."

मी विचारलं, रोटाव्हायरसचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे तिन्ही डोस झालेत, मग हे कसं? तर ती लस त्या एका विषाणूच्या जोरदार आजारापासून वाचवते, जुलाबाला कारणं मात्र कितीतरी.

चिठ्ठीवर ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पावडर), झिंक आणि ताप चढला तरच द्यायचं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे मापून लिहिलेलं. बाकी अंगावरचं दूध चालूच. आत्या चिठ्ठी उलटीपालटी करून बघत होत्या, मागं अजून काही लिहिलंय का म्हणून.

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली आणि फळाच्या चवीचा एक तयार खोका पुढं केला. नावात ओआरएस, वर सफरचंदाचं चित्र. "ताई, हे घ्या, पोरं आवडीनं पितात." आवडीनं पिणारच, साखर भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आत ओढतं आणि मिठामागून पाणी जातं, सगळा खेळ त्या जोडीचा. साखर जास्त झाली की उलट पाणीच आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायलाच मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या. आमच्या वेळी मात्र ते खोके काउंटरवरच मांडलेले होते. मी पावडरच मागितली.

पावडरीतही एक गोम आहे. पाकिटं दोन मापांची येतात. मोठं साधारण २१ ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्याला. छोटं सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, ते २०० मिलीला. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं, आणि तान्ह्या बाळाला ते जिवावर बेतू शकतं. छोटं लिटरभर पाण्यात टाकलं तर उपयोगच नाही. "थोडंसं पाजायचंय तर अर्धंच पाकीट टाकू" हेही नको, कारण पावडर अंदाजानं अर्धी होत नाही. मापाला मी बिसलरीची लिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवली. पाणी उकळून पूर्ण गार करायचं, मगच पावडर टाकायची, टाकल्यावर पुन्हा उकळायचं नाही. चोवीस तासांत उरेल ते ओतून द्यायचं. ओतून द्यायचं म्हटल्यावर आत्यांच्या कपाळावर आठी आली, पण नियम म्हणजे नियम.

पाण्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्याकडं नळ काही दिवसांआड येतो, मग बॅरल, घागरी, पातेली सगळं भरून ठेवायचं. साठवलेल्या पाण्यात कुणीतरी तांब्यासकट हात बुडवतंच. जुलाब तिथूनच आले असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण त्या दिवसापासून पिण्याच्या पाण्यावर झाकण आणि आत लांब दांड्याचं ओगराळं, दुसरं काही बुडवायचं नाही. लंगोट बदलल्यावर साबणानं हात. एवढी धुणी, एवढे हात आणि पाणी मोजकं, त्यामुळे कपडे धुतलेलं पाणी संडासात टाकायचं, अंघोळीचं फरशीला, असं गणित चाललेलं असायचं.

खरी परीक्षा रात्री. दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली पाजायचं होतं. ऐकायला किती सोपं! पाच मिलीचा चमचा धरला तर ५० मिलीचे दहा चमचे, आणि मिनिट-दोन मिनिटांनी एकेक द्यायचा. एका शीमागं पाव तास तरी जातो. घाई करून वाटी तोंडाला लावली की सगळं बाहेर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, आणखी सावकाश. पहिल्या रात्री ती चमचा जिभेनंच ढकलायची. मग मी तिला थोडं उठतं मांडीवर घेतलं आणि चमचा ओठांच्या मधोमध न लावता गालाच्या आतल्या बाजूला टेकवला. तिथनं घोट आपोआप गिळला जायचा, आणि गिळल्यावर ती माझ्याकडं असं बघायची की हिनं फसवलंच. हे, म्हणजे माझे मिस्टर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. सकाळी कामावर जायचं म्हणून दोनपर्यंत यांची पाळी, पुढं माझी. वहीत यांनी रकानेसुद्धा आखले: शी, सू, उलटी, किती पाजलं. कारखान्याची सवय.

आत्यांनी माळ्यावरून पितळी बोंडलं काढलं होतं, आमच्या ह्यांना त्यानंच पाजलेलं. दिसायला सुरेख वस्तू. पण त्याच्या नळीत बोट जात नाही, ब्रश जात नाही, आत काय साठलंय ते कळत नाही. म्हणून वाटी-चमचाच ठेवला, तोही दर वेळी उकळत्या पाण्यातून काढलेला. बाटली तर नकोच.

डायपरची एक अडचण अशी की पातळ शी आणि सू एकत्र झाली की वेगळी ओळखू येत नाही. आणि मला तर सूच बघायची होती. दिवसा मी जुन्या धोतराचे लंगोट बांधले. रात्री डायपर, पण त्यात पुढच्या बाजूला कापसाचा बोळा. बोळा भिजला की सू झाली. पहाटे जड, ओला बोळा हाताला लागला की असा आनंद व्हायचा की सांगता सोय नाही. सारखं पुसून बूड लाल झालं होतं, तिथं नुसतं कोमट पाणी, टिपून कोरडं करणं, खोबरेल तेल, आणि थोडा वेळ उघडंच लोळू देणं.

दुसऱ्या दिवशी जुलाब होते तेवढेच होते. आत्यांचा धीर सुटला. "पावडरनं काय होतंय? एक सलाईन लावून आणा, टवटवीत होईल." आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय आजार बरा झाल्यासारखा वाटतच नाही. तेव्हा ह्यांनी त्यांना डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट सांगितली. १९७१ ला बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी मोठमोठ्या ड्रममध्ये केलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरच्यांनीच पाजलं?" हो म्हटल्यावर चमचा माझ्या हातातून घेतला. पुढची दुपारची पाळी त्यांची.

सलाईन कधी लागतं, ते डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं. बाळ गळून पडलं, उठवूनही नीट जागं होईना, दूध ओढेना, प्यायलेलं सगळंच उलटून पडायला लागलं, शीमध्ये रक्त दिसलं, डोळे खोल गेले किंवा सहा तास सू झाली नाही, तर उजाडायची वाट बघायची नाही. गाडी नसली तर १०८ ला फोन. तो कागद आम्ही फ्रिजवर लावला. मध्यरात्री दोघांचीही डोकी चालत नसतात.

खाणं बंद करायचं नाही, यावरही घरात वाद झाला. पोटाला आराम म्हणून नुसती साबुदाण्याची पेज द्या, असा सल्ला जवळजवळ प्रत्येकानं दिला. पण रिकाम्या पोटी बाळ आणखी खंगतं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वर थोडं तूप घालून, दहीभात, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं आणि जास्त वेळा. अम्मांनी तांदळाची पेज मीठ घालून आणून दिली, ती चालते. पोटाला धरतं म्हणून त्यांनी सोबत जायफळही आणलं होतं उगाळायला. ते मी हसून डब्यात ठेवलं. त्यानं बाळाला गुंगी येते, आणि मला ती जागी हवी होती.

झिंकची गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात विरघळवायची. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. इथंच बहुतेक घरं सोडून देतात, कारण जुलाब त्याआधीच थांबलेले असतात. आमच्याकडंही थांबले होते. शी घट्ट झाली, पोरगी परत चपला शोधत रांगायला लागली. पण झिंकमुळे आतड्याचं अस्तर भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते, म्हणून पट्टी संपेपर्यंत दिलं. चव धातूसारखी लागते, तोंड वाकडं करून अर्धं बाहेर काढायची. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, हे मला अम्मांच्या सुनेकडून नंतर कळलं. पैसे काही फार गेले नव्हते म्हणा.

बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यायला सांगितलं होतं. वजन पुन्हा करून आलो तेव्हा आधीच्यापेक्षा थोडं वरच भरलं. नऊ महिने पूर्ण झाले होते, म्हणून गोवर-रुबेलाची लसही त्याच फेरीत टोचून घेतली.