अढीतला पेंढा

बचतगटापुढं हवामानबदलावर बोलायचं ठरलं आणि मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. देवगडात, ऐन आंब्याच्या दिवसांत.

मी पाठ्यपुस्तकातलं 'हरितगृह परिणाम' काढलं. लगेच प्रश्न, "हरित म्हणजे मगे चांगलाच ना?" त्यांचं काय चुकलं? आमच्याकडं हिरवी जाळी असते ती रोपवाटिकेवर, सावलीसाठी. आणि खरं काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा कोंडल्यामुळं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूडनं 1909 मध्येच हे दाखवलंय. 'हवामानबदल' तर त्याहून गुळगुळीत. मुंबईकर मे महिन्यात हवापालटाला येतात, तसलंच काहीतरी वाटतं.

मग आंबे पिकवायची अढी सुचली. भाताचा पेंढा, त्यावर हापूस, परत पेंढा. दोन-तीन दिवसांनी हात घातला की ऊब लागते. म्हटलं, पृथ्वीची ऊब धरून ठेवणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणजे हा पेंढा. कारखाने यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. माना डोलल्या. मी खूश.

घरी सासूबाईंनी हवा काढली. "पण गो, अढीतली ऊब आंब्याची स्वताची. हय तर सूर्य तापवता." चाळीस वर्षं अढ्या लावणाऱ्या बाईपुढं काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला कोकमाची सालं गोळा करायला आम्ही सड्यावर, कातळाच्या माळावर, गेलो. सूर्य बुडालेला, तरी कातळावर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

"आई, आता खंय आसा सूर्य?"

ऊन हवेतून बरंचसं आरपार येतं, कातळ तापवतं. तापलेला कातळ ती धग वर सोडतो आणि पेंढा अडवतो ती ही धग. म्हणजे कातळच आंबा.

"मगे तसा सांगूक व्हया होता," एवढंच म्हणाल्या.

माझ्या मनात मात्र एक खुपत राहिलं. अढी म्हटलं की घरभर घमघमाट आठवतो. 'हरित'सारखाच हाही शब्द गोडच निघाला. रात्री जेवताना त्यांनी हापूस चिरला. वरून पिवळाधमक, आत साका, पांढुरका आणि आंबूस. फोड बाजूला सारत मी म्हटलं, पुढच्या बैठकीला असलाच एक घेऊन जाते.

"चांगलो एक न्ही," त्या म्हणाल्या, "नायतर कोण खातला?"