घंटा रिपेअर केली, पण वाजवून बघायची नाही

माझं काम मोटर, पॅनल, टायमर रिपेअरिंगचं, वसई-विरार पट्ट्यात. एकदा गुड फ्रायडेच्या सकाळी एका जुन्या चर्चमधून फादरचा फोन, म्हणे काल संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा दोन ठोके देऊन बंद पडली, उद्या रात्री ईस्टरच्या मिस्साला पाहिजेच.

वर गेलो. अरुंद जिना, कबुतरांची घाण, आणि घंटेशेजारी इलेक्ट्रिक हातोडा, म्हणजे कॉइलला करंट गेला की दांडा पुढे जाऊन घंटेवर बसतो. कॉइल जळालेली, खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवे पडलेले. सुट्टीच्या दिवशी नालासोपाऱ्यात वाइंडिंगवाल्याला हातापाया पडून दुकान उघडायला लावलं.

दुपारी फिटिंग झालं, स्विच दाबणार तोच चर्चचे काका ओरडले, "भाऊ, नाही हा! गुरुवारच्या ग्लोरियापासून शनिवार रात्रीच्या ग्लोरियापर्यंत घंटा मुकी." मधल्या काळात लाकडी खटखटा वाजवतात, तो पण दाखवला. आता आली का पंचाईत. हातोड्याला गोणपाट गुंडाळून स्ट्रोक चेक केला, धप्प धप्प, टायमर ओके. पण खरी मेख गॅपमध्ये असते, ठोका मारून हातोडा लगेच मागे यायला हवा, जरा जरी टेकून राहिला तर नाद मरतो आणि भांडं आपटल्यासारखा आवाज येतो, आणि हे कानानेच कळतं. शेवटी दोन वॉशरच्या जाडीचं अंतर ठेवलं आणि वर स्प्रिंग थोडी कडक केली.

काम करता करता काकांची बडबड चालू. पोर्तुगीज इथे १५३४ ला आले, पापडी, नंदाखाल ही चर्चेस १५७० च्या दशकातली, मग १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा गेल्या घाटावरच्या देवळांत. मी मूळचा नाशिकचा, म्हटलं काका, आमच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर आहे की, १७२१ सालची, गोदावरीला पूर आला की लोक पाणी घंटेला लागलं का ते बघतात. काका म्हणाले भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला पण आहे. रागबिग काही नाही हो, उलट "वाजतेय ना अजून?" एवढंच विचारलं.

शनिवारी रात्री पॅनलजवळच थांबलो, मिस्सा पूर्ण मराठीत, बाहेर अंगणात मात्र म्हाताऱ्या आपल्या सामवेदी बोलीत बोलत होत्या, ते मला निम्मंच कळतं. आधी बाहेर शेकोटी, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात, तिच्यावरून सगळ्यांच्या पेटतात, मग बायबलची वाचनं, एकामागून एक, संपता संपेनात आणि माझ्या पोटात गोळा. फादरने ग्लोरिया सुरू केला, लाइट लागले, काकांनी हात केला, मी स्विच टाकला.

पहिला ठोका खणखणीत, दुसरा पण. तिसऱ्याला जरासा बसका वाटला, मग लागली लाइनीला. दोन्ही बाजूंनी पोरं हातातल्या घंट्या वाजवत सुटली, त्यात तो तिसरा माझ्याशिवाय कुणाला कळला नसावा असं मला वाटलं.

पण नाही. मिस्सानंतर एक आजोबा काठी टेकत आले, पूर्वी हेच दोर ओढायचे म्हणे. "तिसरा बसला," म्हणाले, "दोरीला तुझा गॅपबिप काय लागत नव्हता." मंगळवारी जाऊन अजून एक वॉशर टाकला, आजोबा खाली खुर्ची टाकून ऐकत बसले होते.