कथेला फाटे फोडणारी पुस्तके

ज्या साहसकथांमध्ये पुढे काय करायचे हे वाचणाऱ्या मुलानेच ठरवायचे असते, त्यांच्या मुखपृष्ठावर बहुधा एक आकडा ठळकपणे छापलेला असतो, तो म्हणजे पुस्तकात एकूण किती शेवट आहेत याचा. पुस्तक विकायला तो उपयोगी पडत असेल, परंतु पुस्तक चांगले आहे की नाही हे त्यावरून मुळीच कळत नाही. मी अशी पुस्तके मुलांसोबत बसून बरीच वाचली आहेत, आणि आता नवे पुस्तक हाती आले की एवढेच पाहतो: ‘आत जायचे असेल तर अमुक पान, परत फिरायचे असेल तर तमुक पान’ ही ओळ आल्यावर मूल क्षणभर थांबते का, आणि थांबून विचार करावा असे काही लेखकाने आधीच्या पानांत त्याच्या हाती दिलेले आहे का.

या प्रकाराचा उगमही अशाच एका प्रश्नात आहे. वाचकाने पात्रांचे निर्णय घ्यावेत अशी कथा १९३० साली अमेरिकेत डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन लेखिकांनी मोठ्यांसाठी लिहिली होती. मुलांच्या पुस्तकांत मात्र ही कल्पना रुजली ती एडवर्ड पॅकार्ड या अमेरिकन वकिलामुळे. आपल्या मुलींना रात्री गोष्ट सांगताना पॅकार्ड यांना एकदा पुढचे काही सुचेना, तेव्हा नायकाने आता काय करावे असे त्यांनी मुलींनाच विचारले आणि दोघींनी दोन वेगळ्या वाटा सुचवल्या. त्यातून लिहिलेले पुस्तक अनेक प्रकाशकांनी परत पाठवले आणि अखेर १९७६ साली व्हरमाँट राज्यातील एका लहान प्रकाशन संस्थेने ते छापले. १९७९ मध्ये बँटम या मोठ्या प्रकाशनाने ‘चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर’ ही मालिका सुरू केली. १९९८ पर्यंत तिच्यात १८० हून अधिक पुस्तके निघाली आणि त्यांच्या २५ कोटींपेक्षा जास्त प्रती विकल्या गेल्या. मला या हकिकतीतील महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की, त्या मुलींना उत्तर देता आले, कारण नायक कोण, तो कुठे अडकला आहे आणि त्याला काय हवे आहे हे त्यांनी आधी ऐकलेले होते. नंतरच्या अनेक लेखकांनी प्रश्न तेवढा उचलला आणि त्याच्या आधीचे ऐकवणे सोडून दिले.

शेवटांच्या आकड्याचा मोह किती महाग पडतो हे साध्या गणितानेही दिसते. प्रत्येक वळणावर दोनच पर्याय दिले आणि कोणतेही दोन फाटे पुन्हा एकत्र आणले नाहीत, तर सलग दहा निर्णयांची कथा लिहायला १०२४ शेवट लागतात आणि मधले सगळे तुकडे धरले तर एकूण २०४७ तुकडे लिहावे लागतात. असे पुस्तक कोणी छापणार नाही. मग लेखकापुढे दोन मार्ग उरतात: वाटा लवकर संपवायच्या, किंवा वेगळ्या झालेल्या वाटा पुढे कुठेतरी गुपचूप एकमेकींत मिसळायच्या. त्या मालिकेचे पहिले पुस्तक, ‘द केव्ह ऑफ टाइम’, सव्वाशेहून कमी पानांचे आहे आणि त्यात ४० शेवट आहेत. म्हणजे साधारण दर तिसऱ्या पानावर कोणती ना कोणती गोष्ट संपते. त्यात गंमत भरपूर आहे, पण एका वाचनात हाती येणारी कथा फारच तोकडी राहते. मालिकेतील पुढच्या पुस्तकांत शेवटांची संख्या कमी होत गेली आणि एकेक वाट लांब झाली, हे मला उतरणीचे नव्हे तर शहाणपणाचे लक्षण वाटते.

आता निर्णयाकडेच जवळून पाहू. समजा, पुस्तकात असे लिहिले आहे: ‘समोर दोन बोगदे आहेत. डावीकडे जायचे असेल तर पान ३२, उजवीकडे जायचे असेल तर पान ५७.’ मूल डावीकडे जाते आणि बत्तिसाव्या पानावर त्याला खोल विहिरीत पाडून ‘समाप्त’ असे छापलेले असते. येथे मुलाने काही ठरवले असे म्हणताच येणार नाही, कारण ही निव्वळ छापा-काट्याची सोडत झाली आणि हरल्याबद्दल त्याला शिक्षाही मिळाली. याउलट त्याच दोन बोगद्यांविषयी लेखकाने एवढेच सांगितले असते, की डावीकडून गार वारा येतो आहे आणि त्याने कंदिलाची ज्योत सारखी वाकते आहे. उजवीकडची जमीन कोरडी आहे, पण तिथल्या मातीत आत जाणारी पावले उमटली आहेत आणि बाहेर येणारे एकही पाऊल नाही. शिवाय सोबतच्या मित्राचा पाय मुरगळला आहे आणि कंदिलात तेल अर्धेच उरले आहे. तर त्याच ओळीपाशी मूल हमखास अडखळते. वारा येतो म्हणजे पलीकडे बाहेर पडायला वाट असणार, पण ज्योत विझली तर? पावले कोणाची असतील? मित्राला इथेच बसवून पुढे जावे का? मग डावीकडे जाऊन कंदील विझला आणि ते अंधारात पडले, तरी त्याला राग येत नाही, कारण ज्योत वाकत होती हे त्याने वाचलेले असते.

शेवट वाईट असावा की नसावा, हा वाद मला म्हणूनच गौण वाटतो. मुलांना वाईट शेवट आवडतात. नायकाला मगरीने गिळले तर ती खो-खो हसतात आणि लगेच दुसरी वाट धरतात. त्यांना खुपतो तो अकारण आलेला शेवट. त्याहूनही खुपतो तो उपदेशासाठी आणलेला शेवट, ज्यात मोठ्यांचे ऐकणाऱ्याला खजिना मिळतो आणि न ऐकणाऱ्याला कडा कोसळून मरण येते. अशा पुस्तकात कोणता पर्याय ‘बरोबर’ आहे हे मुले तीन-चार पानांत ओळखतात आणि मग निर्णय न घेता परीक्षेतील पर्यायावर खूण करावी तशी पाने उलटू लागतात. गंमत म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेली स्वयंअध्ययनाची काही पाठ्यपुस्तके या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. त्यांत प्रत्येक उत्तर वेगळ्या पानावर पाठवत असे आणि उत्तर चुकले तर त्या पानावर ते का चुकले हे समजावून दिलेले असे.

मुले अशी पुस्तके वाचताना एक बोट आधीच्या वळणाच्या पानात अडकवून ठेवतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येणार नाही. माझी भाची तर तीन बोटे तीन पानांत घालून उरलेल्या दोन बोटांनी पुढचे पान उलटते आणि शेवट पसंत पडला नाही की सर्वांत वरच्या बोटावरून मागे येते. याला लबाडी म्हणण्याची पद्धत आहे. मला ते या पुस्तकाचे सर्वांत लक्षपूर्वक केलेले वाचन वाटते, कारण कोणत्या निर्णयामुळे काय झाले हे तपासायचे असेल तर मागे जाऊन दुसरा निर्णय घेऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पॅकार्ड यांनाही मुलांची ही सवय ठाऊक असावी. १९८२ च्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ या त्यांच्या पुस्तकात एका अद्भुत ग्रहाचा शोध घ्यायचा असतो आणि त्या ग्रहाचे वर्णन पुस्तकात छापलेलेही आहे, परंतु तिथे नेणारा एकही पर्याय कोठेच दिलेला नाही. जे मूल नियम मोडून नुसती पाने चाळते, तेच तिथे पोहोचते आणि तिथे त्याचे स्वागत होते.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांच्या पुस्तकाने याच्या अगदी उलट दिशा धरली. त्यात पानांऐवजी ४०० क्रमांकित परिच्छेद होते, सोबत दोन फासे आणि पेन्सिल लागत असे, आणि कौशल्य, दम व नशीब यांचे आकडे कागदावर मांडावे लागत. बोटे अडकवणाऱ्यांसाठी त्यात एक नामी कुलूपही होते: वाटेत सापडलेल्या किल्ल्यांवर अंक असत आणि अखेरीस त्या अंकांची बेरीज करून त्या क्रमांकाचा परिच्छेद उघडावा लागे, त्यामुळे योग्य किल्ल्या जवळ नसतील तर पुढचा रस्ताच कळत नसे. फाशांची ही लढाई मला स्वतःला लवकर कंटाळवाणी होते. किल्लीची युक्ती मात्र उत्तम आहे, कारण वाटा एकत्र मिसळल्या तरी आधी केलेली निवड पुस्तक विसरत नाही.

मराठीत असे पुस्तक लिहायला बसलेल्याला आणखी एक अडचण येते, जी इंग्रजी लेखकाला आलीच नाही. ही कथा वाचकाला उद्देशून लिहायची असते आणि आपली क्रियापदे वाचक मुलगा आहे की मुलगी हे विचारल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ‘तू पळालास’ म्हटले की अर्धे वाचक बाहेर राहतात. ‘तुम्ही पळालात’ हा सोपा तोडगा आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला गुहेच्या तोंडाशी ‘तुम्ही’ म्हटले की साहसाचे एकदम कार्यालयीन पत्र होते. मला अधिक बरी वाटणारी वाट अशी की, कर्म असलेली भूतकाळी वाक्ये वापरावीत: ‘तू दार उघडलेस’, ‘तू दोरी पकडलीस’, ‘तू कंदील उचललास’. येथे क्रियापद दाराकडे, दोरीकडे, कंदिलाकडे पाहते, वाचकाकडे नाही. पर्यायांच्या ओळींत ‘जाशील’, ‘थांबशील’ असा भविष्यकाळ किंवा सरळ आज्ञार्थ चालतो. या बंधनाचा एक आनुषंगिक फायदाही होतो, तो असा की वाचकाच्या हाती सतत काहीतरी वस्तू द्यावी लागते, आणि वस्तू आली की तिच्यामुळे पुढे काय घडेल याचा विचार लेखकालाही करावाच लागतो.

घरी मुलांबरोबर असे पुस्तक करून पाहायचे असेल तर वहीऐवजी सुट्ट्या चिठ्ठ्या घ्याव्यात, एका चिठ्ठीवर एकच तुकडा लिहावा आणि शेवट पाच-सहापेक्षा जास्त ठेवू नयेत. चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बाणांनी जोडल्या की कोणती वाट कुठे जाते हे सगळ्यांना दिसते. क्रमांक त्यानंतरच टाकावेत आणि तेही उलटसुलट, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर नजर पडून पुढचे आधीच कळणार नाही. मग ते वाचायला अशा मुलाकडे द्यावे, जे लिहिताना तिथे नव्हते. ते जिथे न थांबता पान उलटेल, ते वळण पुन्हा लिहायला घ्यावे.